मधुकर आणि पार्टीचा रिमिक्स

३ नोव्हेंबर, सोमवार
डीजे ऋषीचा रिमिक्स बंगळुरूहून आला. सात वेळा ऐकला. माझ्या मूळ ट्रॅकमध्ये बाबांचा आलाप नऊ सेकंदांचा. त्याने ताणून जवळजवळ मिनिटभर केलाय, खाली नुसता बेस. मी खुर्चीतून उठले, परत बसले. एवढं चांगलं मला जमलं नसतं – कबूल करायला त्रास होतोय.
चौदाला, शुक्रवारी रिलीज. व्हिडिओसकट.
बाबांना अजून सांगितलेलं नाही.

४ नोव्हेंबर
आजही नाही सांगितलं.

६ नोव्हेंबर, गुरुवार
आईने पकडलं. स्पीकर चालू, दार उघडं. निवडायला घेतलेली मेथी हातात तशीच धरून ती दारात उभी राहिली. कॅसेट कुठे मिळाली, म्हणाली. दिवाणात, म्हटलं. वर लिहिलंय: चौदा एप्रिल १९९१, मधुकर आणि पार्टी.
"काहून वं, बाबाले विचारलं का?"
मी स्पीकर बंद केला.
"आपरेशन झाल्यापासून त्यायनं घरात एक गाणं लावू दिलं नाही. आन् तू त्यायचाच आवाज जगाले ऐकवून राहिली."
बरोबर आहे तिचं. पण मी तरी काय करू? त्यांच्या लग्नाआधीच बाबांची गाण्याची पार्टी मोडली. आईने, मी – कुणीच बाबांना गाताना ऐकलेलं नाही. चार वर्षांपूर्वी स्वरयंत्र काढलं आणि बोलणंही गेलं. तो आवाज आता नीट आठवत नाही. म्हणून तर या नऊ सेकंदांना मी धरून बसलेय.

८ नोव्हेंबर
ऋषीचे चार फोन. श्रेयनामावली हवीय. 'आवाज: मधुकरराव' असं पाठवून दिलं.

१० नोव्हेंबर, सोमवार
आज दुपारी सांगून टाकलं. बाबा पेपर वाचत होते. हेडफोन दिला, त्यांनी निमूट लावला. ऐकलं. पुन्हा लाव म्हणून खूण केली. तीनदा. मला वाटलं रडतील, नाहीतर चिडतील. त्यांनी मोबाइल ओढला आणि खूप वेळ टाइप करत बसले. मग स्क्रीन माझ्याकडे फिरवली –
"हा मी नाही. हा गोपाळ आहे, खापा गावचा. माझा घसा बसला होता म्हणून त्या दिवशी तो गायला. कॅसेटवर नाव माझं छापून आलं. लोकांनी माझा सत्कार केला. मी घेतला. नंतर तो पार्टीत आला नाही. मी पण पुन्हा गायलो नाही."
मी दोनदा वाचलं. आईला वाचून दाखवलं. तिने उठून चहा टाकला.
म्हणजे ज्या आवाजाला मी वर्षभर बाबा समजत होते – तो कुणा दुसऱ्याचाच. आणि मीही परवा त्यावर चुकीचं नाव घातलं.

११ नोव्हेंबर
ऋषीला रिलीज थांबवायला सांगितलं. चिडला. जाहिरात झालीय, एवढ्याशा नावाने काय फरक पडतो, असं बरंच काही. शेवटी थांबवतो म्हणाला. बाबा सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून बसलेत. विचारलं तर टाइप केलं: "खापा."

१२ नोव्हेंबर, बुधवार
खाप्यात गोपाळराव घरीच होते. दारातूनच म्हणाले, "एवढ्या वर्षांनी काहून आला गा?" बाबांनी गळ्यातला रुमाल सोडून भोक दाखवलं. गोपाळरावांना माहीत नव्हतं. त्यांनी बाबांना आत नेऊन स्वतःशेजारी बसवलं.
मी ट्रॅक ऐकवला, झालेलं सगळं सांगितलं, नाव त्यांचं घालते म्हटलं. डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं त्यांनी.
"आवाज माझाच हाय, पोरी. पण चाल तुह्या बापानं बसवली होती. तेही लिहिजो."