विहारातला पायथनचा वर्ग

२ नोव्हेंबर, रविवार
तळ्याच्या विहारात वंदना झाल्यावर माझा पायथनचा, म्हणजे प्रोग्रॅमिंगचा, वर्ग सुरू. रिटायर होऊन घरी बसून करायचं काय? सलग बोललो. शेवटी विचारलं, काही शंका? कोणी हूं की चूं केलं नाही. म्हणजे सगळ्यांना समजलं. मास्तरकी अंगातून जात नाही.

३ नोव्हेंबर
सकाळपासून व्हॉट्सअॅपवर तक्रारी. टेम्पो चालवणारा प्रितम लिहितो, सर, लूप थांबतच न्हाय, तीच ओळ परत परत येतीय, मोबाइल तापला. बाकीच्यांना स्क्रीनवर नुसत्या चुकांच्या लाल ओळी दिसतायत. मग काल तोंडं का शिवली होती?
संकल्प : प्रत्येकाला शांतपणे, सविस्तर उत्तर देणे.

४ नोव्हेंबर
प्रितमला लिहिलं, चिकाटी ठेव. तेच सगळ्यांना फॉरवर्ड केलं. दमलो.

९ नोव्हेंबर, रविवार
आजही शंका शून्य. बायको जयमाला म्हणाली, अहो, विहारात वडीलधाऱ्यांसमोर कोण तोंड उघडणार? तिला शिकवण्यातलं काय कळतं!

१६ नोव्हेंबर, रविवार
वर्ग सुटल्यावर सगळे बाहेर पायऱ्यांवर रचनाभोवती बसलेले. रचना माझीच विद्यार्थिनी, कॉलेजात जाते. माझ्या नोट्स उतरवून घेत असतील. बरं वाटलं.

१८ नोव्हेंबर
विहार कमिटीचे अध्यक्ष रत्नपाल बाजारात भेटले. म्हणाले, पोरं वैतागलीत, वर्ग ठेवायचा का ते रविवारी बघू. हा वर्ग गेला तर मला सर म्हणणारं कोण उरतं?
संकल्प : पोरांना बघायला सांगितलेला लूपचा व्हिडिओ आपणही एकदा शेवटपर्यंत बघणे.

२२ नोव्हेंबर
कंबर धरलीय. व्हिडिओ उद्या.

२३ नोव्हेंबर, रविवार
कमिटीचा निर्णय : वर्ग चालू राहणार. मी हात जोडले. मग रत्नपाल म्हणाले, शिकवेल रचना. फलकावर माझं नाव 'मार्गदर्शक' म्हणून. एका परीने बढतीच. जेवण गेलं नाही.

३० नोव्हेंबर, रविवार
मार्गदर्शक या नात्याने पंखे लावले आणि बाहेर बसलो. आत हसाहशी चाललेली. शिस्त पार गेली. फार वाईट वाटलं.
रचना बाहेर येऊन म्हणाली, सर, आत या ना, लूप घेतेय. देखरेखीसाठी गेलो. मागे प्रितमशेजारी जागा होती. ती सांगत होती, वंदनेतलं त्रिशरण आपण तीनदा म्हणतो आणि थांबतो, कारण किती वेळा म्हणायचं ते आधीच ठरलेलं असतं. प्रितमदादाने मोबाइलला ते सांगितलंच नव्हतं. प्रितम म्हणाला, आत्ता कळलं. मी मान डोलावली.
मलाही आत्ताच कळलं.