कानाने दिलेली डोळ्यांची परीक्षा

४ जून

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. गुडघा आता बरा आहे हे वाचून बरं वाटलं. माझं विचारशील तर या काचबिंदूच्या औषधांचा मला वीट आला आहे. सकाळ-संध्याकाळ टिमोलॉलचे थेंब, झोपताना लॅटानोप्रॉस्टचे, वर अ‍ॅसिटाझोलामाइडच्या गोळ्या. थेंब घालायचा डोळ्यात आणि कडू व्हायचा घसा, हा काय प्रकार आहे? दुसऱ्या बाटलीने पापण्यांचे केस नटीसारखे लांब झालेत. गिऱ्हाईक घड्याळ सोडून माझ्या तोंडाकडे बघतं. गोळीची तर शिसारी बसली आहे. दिवसभर पितळेची किल्ली चघळल्यासारखं तोंड आणि बोटांना मुंग्या! घड्याळजीच्या बोटांना मुंग्या आल्यावर त्याने चिमट्यात स्क्रू धरायचा कसा, असं डॉक्टरांना विचारायला गेलो, तोवर त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली होती.

दवाखान्यात पाऊल टाकवत नाही. बाकावर सगळे ओल्या बोळ्यांनी डोळे पुसत बसलेले, बोळे बाकाखाली. नजरेच्या परीक्षेचं ते वाडग्यासारखं यंत्र आहे ना, त्यात हनुवटी टेकवली तर आधीच्या माणसाचा घाम तसाच. मला ओकारीच यायची बाकी होती.

पण परीक्षा मी मारली. नजर मागच्यापेक्षा कमी निघाली तर ऑपरेशन, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. माझा उजवा डोळा म्हणजे माझं दुकान, त्याला कोणाची कात्री लागू देणार नाही. वाडग्यात उजेडाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं असतं. माझ्या लक्षात आलं की ठिपक्याच्या आधी यंत्रात बारीक खुट्ट असं वाजतं. तीस वर्षं घड्याळं ऐकलेला कान आहे हा! वाजलं की बटण, ठिपका दिसो न दिसो. घरी येऊन हिला सांगितलं, पैकीच्या पैकी.

त्या आनंदात पंधरा दिवस झाले, सगळी औषधं बंद आहेत. आबांना काचबिंदू झाला तेव्हा लालभडक डोळा, डोकं फुटतंय, ओकाऱ्या. माझा डोळा तर कधी दुखलाही नाही. डॉक्टर उगाच साप साप म्हणून भुई धोपटताहेत.

गुडघ्याला जप. थोरलेपणाने रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.

तुझा,
धाकटा

९ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून हात धुवावेसे वाटले. तेहतीस वर्षं डोळ्यांच्या वॉर्डात नर्स म्हणून पू पुसला, चिपडं काढली, कधी किळस आली नाही. तुझ्या फुशारकीची आली. घोडा झालास तरी अक्कल आली नाही.

आबांचा काचबिंदू वेगळा होता. डोळ्यातलं पाणी बाहेर जायची वाट एका कोनात असते. त्यांचा कोन एकाएकी बंद झाला, दाब चढला, म्हणून दुखलं. तेव्हाच पिलोकार्पिन घालून बाहुली बारीक केली असती आणि रंगीत पडद्याला लेझरने भोक पाडलं असतं, तर डोळा वाचता. आपण पित्त समजून त्यांना निजवून ठेवलं. मी तेव्हा नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होते. त्याची लाज मला अजून वाटते.

तुझा उघड्या कोनाचा आहे. वाट उघडी दिसते, पण पाणी पुरेसं झिरपत नाही आणि दाब गुपचूप डोळ्यामागची नस खातो. दुखत नाही म्हणूनच तो जास्त हलकट. कडेकडेने खातो, मधलं शेवटी ठेवतो, आणि माणूस समजतो की सगळं दिसतंय. टिमोलॉलने पाणी कमी तयार होतं, लॅटानोप्रॉस्टने ते बाहेर पडतं. ते तू बंद केलंस, पापण्यांसाठी! थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं बोटाने दाबून धर, घशात उतरणार नाही. मुंग्या येतात तर गोळी बदलून मागावी. हात धरून बसवून विचारावं डॉक्टरांना. चोरून सोडू नये.

आणि ते यंत्र तुझ्यासारखे दीडशहाणे गृहीत धरूनच बनवलं आहे. मधूनमधून ते नुसतं वाजतं, ठिपका दाखवतच नाही. तेव्हा बटण दाबलं की कागदावर चोरी उमटते. डॉक्टर तुला परत बोलावतील. कानात कापूस कोंबून बस.

माझ्या भावजयीला आशीर्वाद. रागावले आहे, पण तू माझाच आहेस.

अक्का

२१ जून

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

बोलावलं. तू म्हणालीस तसंच निघालं. तंत्रज्ञ बाईंनी सगळ्या पेशंटांसमोर सांगितलं की आजोबा, मागच्या वेळी तुम्ही न दाखवलेले ठिपकेसुद्धा पाहिलेत. बाकावरचे हसले.

कापूस घालून बसलो. वरच्या बाजूला ठिपके दिसत होते, खाली बराच वेळ काहीच आलं नाही. यंत्र बिघडलंय, असं मी बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, यंत्र चालू आहे, ठिपके येताहेत. अक्का, उजव्या डोळ्याच्या नजरेतला खालचा अर्धा भाग गेला आहे. गेलं ते परत येत नाही, उरलेलं राखायला ऑपरेशन येत्या सोमवारी. थेंब चालू आहेत, तू सांगितलंस तसे कोपरा दाबून. गोळी बदलून दिली.

आता मला माझीच शिसारी येते, ती का ते ऐक. भिंग उजव्या डोळ्याला आणि डावा मिटलेला, अशीच माझी कामाला बसायची सवय. गेलं वर्षभर टेबलावरचे स्क्रू, काटे नाहीसे व्हायचे आणि मी हिच्यावर खेकसायचो की पुसताना सगळं उधळतेस. ही बिचारी जमिनीवर गुडघे टेकून शोधायची. काल हिची क्षमा मागितली, तर म्हणाली की तिला केव्हाच शंका आली होती. तिने मुद्दाम तीनदा माझ्यापुढे, टेबलाच्या काठाशी स्क्रू ठेवून पाहिला. तिन्ही वेळा तो मला दिसला नाही, आणि तिसऱ्या वेळी मी तिलाच आंधळी म्हणालो. परीक्षेचा दिवस ठरलेला होता. आपलं सांगणं हे ऐकणार नाहीत, पण यंत्र सांगेल, असं तिला वाटलं होतं. मी घरी येऊन पैकीच्या पैकी म्हणालो, तेव्हा तिने देवाचे आभार मानले आणि आपणच वेंधळ्या आहोत असं समजून पुन्हा जमिनीवर शोधायला लागली.

सोमवारी ये. लोभ मागायला तोंड नाही, तरी ठेव.

तुझा,
धाकटा