चष्मा काढून दिलेला होकार

रविवार, ८ नोव्हेंबर १९९८
पार पडले एकदाचे कांदेपोहे! आईने माझा चष्मा काढून फ्रिजवर ठेवला होता. "दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे, गीतांजली." उणे सात नंबर म्हणजे काय, ते तिला काय ठाऊक? मुलगा, त्याची आई आणि मावसभाऊ असे तिघं आले होते. मला दिसलं काय? एक जांभळी साडी, एक पांढरा शर्ट, एक निळा.

पांढरा गप्प. निळा मात्र — बाई गं! "पोहे तुम्ही केले?" म्हटलं, दाणे मी भाजले, करपलेत ते माझे. खो खो हसला. "मग तेवढेच शोधून खातो!" अख्ख्या नेरूळात इतकं मोकळं हसणारं कुणी नसेल. वरद आवडला मला. आवडलाच!

मंगळवार, १० नोव्हेंबर
त्यांचा होकार. माझाही!!

बुधवार, ११ नोव्हेंबर
आईचा प्रताप आज कळला. वरदच्या आईने विचारलं होतं, "मुलीला नंबर वगैरे?" — "छे हो!" धडधडीत खोटं! फेब्रुवारीत लग्न. तोवर चष्मा काय फ्रिजवरच राहणार?

स्मितामावशीने तोडगा काढला — लेसर. तिच्या शेजारणीने केलंय. सकाळी उठल्या उठल्या भिंतीवरचं घड्याळ दिसतं म्हणे, उशाशी चाचपडावं लागत नाही. मला ते घड्याळ हवंय. लग्न राहू दे बाजूला, मला माझ्यासाठी हवंय.

शनिवार, १४ नोव्हेंबर
दादरला डोळे तपासले. डॉक्टरीणबाई एकदम सरळ. "वर्षात नंबर वाढलाय. आधी स्थिर होऊ दे. शिवाय तुमचा कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पडदा, पातळ आहे. लेसर तोच आणखी तासतं. वर्षाने या, परत बघू."

आई म्हणते, "अहो, फेब्रुवारीत लग्न आहे!"

"मी मुहूर्त बघून लेसर करत नाही."

आई गाडीत बसेपर्यंत पुटपुटत होती. माझ्या डोळ्यांत तपासणीचे थेंब, मला तिचा चेहराही दिसेना.

सोमवार, १६ नोव्हेंबर
आईने दुसरा डॉक्टर शोधला. तो लगेच करतो म्हणे. पंचवीस तारीख मिळाली.

बुधवार, १८ नोव्हेंबर
भीती वाटते. ऑफिसात डोळे मिटून टाइप करून बघितलं. ओळीत चौदा चुका! बाबा पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "डोळे तुझे, ठरव तू." फार मदत झाली, बाबा! पण तो निळा शर्ट आठवला की वाटतं, करून टाकावं. इतकं हसवणारा माणूस पुन्हा मिळेल का?

शुक्रवार, २० नोव्हेंबर
ठरलं. करणार! पण आधी वरदला खरं सांगणार. खोटं झाकायला डोळ्यांना हात लावू द्यायचा नाही. रविवारी वाशीच्या उडप्याकडे भेटतोय. चष्मा लावून जाणार. आईने अबोला धरलाय.

रविवार, २२ नोव्हेंबर
कोपऱ्यातल्या टेबलावरून एकजण उठला. "मी वरद," म्हणाला. आवाज हळू, घशातल्या घशात. हा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता.

"त्या दिवशी सगळं अभिरामच बोलला," म्हणाला. "माझा मावसभाऊ. मला लाज वाटत होती." मग म्हणाला, चष्मा छान दिसतो तुम्हाला. बिचारा!

मी डोळे तासून घ्यायला निघाले होते, आणि होकार कुणाला देतेय तेच बघितलं नव्हतं.

पंचवीस तारीख रद्द. होकारही मागे घेतेय, ते आईला अजून सांगायचंय.