झमझमच्या शेजारची बाटली

अयानचे अब्बा,

भात कुकरमध्ये आहे, सुरमईचं कालवण गरम करून घ्या. मी आणि अयान आलिमाभाभींकडे स्वेटर मागायला जातोय. उद्या लौझच्या डोंगरावर मोठं बर्फाचं वादळ येणार, सौदीतल्या या अख्ख्या तबूकमध्ये तीच चर्चा आहे. अयान सकाळपासून खिडकी सोडत नाही.

गेल्या वर्षी तुम्ही साइटवरच्या लोकांबरोबर गेलात आणि माझ्यासाठी डब्यात बर्फ आणलात. घरी पोचेपर्यंत त्याचं पाणी झालं. ते मी बाटलीत भरून मक्केहून आणलेल्या झमझमच्या पवित्र पाण्याशेजारी ठेवलं, आणि उमराहच्या यात्रेला आलेल्या अम्मी ते झमझमच समजून, किब्ल्याकडे तोंड करून, दुआ मागून प्यायल्या. तुम्ही पोट धरून हसलात. मी दोन दिवस बोलले नाही.

थांबा, अयानला बूट सापडत नाहीये.

हां. वीस तारखेला आम्ही दोघं कायमचे गावी जाणार. त्यावर बोलायचं नाही असं आपलं ठरलंय, म्हणून लिहीत नाही. फक्त उद्याची सुट्टी मागा. रत्नागिरीत बर्फ मासळीबाजारातच दिसतो.

बाटली धुऊन ठेवली आहे. पण या वेळी आम्हाला मागे ठेवून भरून आणू नका.

झेबा