धारवाडात पंखा

अप्पा,

आधी घडलेलं क्रमाने लिहिते.

१. मंगळवारी दुपारी आईला स्वयंपाकघरात घेरी आली. ओट्याला धरून ती खाली बसली. डॉक्टर म्हणाले, उकाड्यामुळे.

२. बुधवारी मी हुबळीला जाऊन दुर्गदबैलच्या बाजारातून छताचा पंखा आणला.

३. गुरुवारी वायरमन शिडीवर चढला. आईने त्याला खाली उतरवलं. म्हणाली, "यांना विचारल्याशिवाय नाही."

४. वायरमन म्हणाला, "मग साहेब घरी असताना येतो की." तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली, हे आम्ही दोघींनीही त्याला सांगितलं नाही.

या घरात पंखा का नाही, हे मला लहानपणापासून पाठ आहे. धारवाडात पंखा लागत नाही. आपल्या मळमड्डीच्या वस्तीत तर नाहीच. या हवेसाठी तुम्ही दोनदा बढती नाकारलीत, कारण बढतीबरोबर रायचूरची बदली येत होती, तिथल्या रणरणत्या उन्हासकट. तुमच्या हाताखाली शिकलेली माणसं तुमचे साहेब झाली. तुम्ही त्याच टेबलाशी राहिलात आणि संध्याकाळी ओसरीवर बसून म्हणायचात, "वारं बघा कसं सुटलंय."

मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते. एप्रिलची दुपार. ओसरीवर तुम्ही आणि तुमचे दोन निवृत्त मित्र. तिघांच्याही मानेवर ओला पंचा आहे आणि तिघेही थंड हवेविषयी बोलताहेत. मी पंख्याचा विषय काढते. "फॅन पायजे?" एक काका हसतात. "मग हुबळीला जाऊन राहा की, अक्का!" दुसरे मान डोलावतात, "हौदु री, खरंय, हुबळीकरांचं खूळ ते." मागच्या भिंतीवर मीच टांगलेला थर्मामीटर मी पाहून येते आणि आकडा मोठ्याने सांगते. अडतीस. तुम्ही पंचा झटकून खांद्यावर टाकता. "चार माणसांत घराची अब्रू काढायला शिकवतात का गं कॉलेजात?" एवढंच. त्यानंतर माझ्यासमोर तुम्ही इथल्या हवेचं नाव कधी काढलं नाहीत.

आता नोकरीत मी गावोगावच्या तापमानाच्या नोंदी तपासते. उन्हाळा वाढतो आहे, असं सभेत सांगितलं की लोक बिथरतात. पूर्वी मला तो अडाणीपणा वाटायचा. आता वाटतं, त्यांना आकडा ऐकूच येत नाही. आपण जिथे आयुष्य काढलं ती जागा चुकली, असं कुणीतरी म्हणतंय, एवढंच ऐकू येतं. तुम्ही तर त्या हवेसाठी किंमत मोजली होती. पंखा लावणं म्हणजे रायचूरला न जाण्याचं कारणच पुसून टाकणं. हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

आणखी एक. ती मागची भिंत पश्चिमेची होती, दुपारभर तापणारी, वर पत्रा. तिथे थर्मामीटर लावायचा नसतो. दोन दिवसांनी तो सावलीत, मोकळ्या हवेत टांगला तेव्हा आकडा बराच खाली आला. हे मला त्याच आठवड्यात कळलं आणि मी गप्प राहिले. हवा बदलत होती, हे खरं. पण त्या दुपारचा माझा पुरावा चुकीचा होता, आणि तो मी तुमच्या मित्रांसमोर तुम्हाला हरवायला वापरला.

हे पत्र टपालात पडणार नाही. तरी विचारते, कारण आईला माझा होकार चालत नाही, तुमचाच हवा आहे. वायरमन रविवारी सकाळी परत येणार आहे. शनिवारपर्यंत कळवा.