कुलपाची पाठ

सोमवार, ४ मार्च

ती. मामांना साष्टांग नमस्कार.

अक्षर ओळखलं असेल तर लगेच फाडू नका, आधी वाचा, मग काय ते करा. नऊ वर्षांनी लिहिते आहे. आम्ही इकडे मजेत आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? दुकानात अजून उकिडवे बसूनच काम करता की स्टूल घेतलंत एकदाचं? मामी गेल्याचं मला चार महिन्यांनी कळलं. तेव्हा लिहायला बसले होते, पण लाज वाटली आणि कागद तसाच ठेवून दिला.

ह्यांचा धंदा बरा चालला आहे. जुन्या कुलपांना हल्ली मागणी आहे, लोक बैठकीच्या खोलीत शोभेला टांगतात. म्हटलं, आपणही थोडं शिकावं. कुलपं दुरुस्त करणाऱ्याच्या घरात वाढले आणि कुलपातलं मला ओ की ठो कळत नाही. तुम्ही शिकवायला बसवायचात आणि मी पळ काढायची.

तर विचारायचं असं की, लांब नळीच्या किल्लीचं, जुन्या धाटणीचं लिव्हरचं कुलूप आतून कसं असतं? किल्ली हरवली तर ते नुसत्या तारेने उघडतं का? चित्र सोबत जोडलं आहे. शिवाय हे म्हणतात, काही जुन्या कुलपांत एक चुगलखोर लिव्हर असतो. परक्याने तार घातली की तो वर अडकून बसतो, मग खरी किल्लीसुद्धा फिरत नाही आणि मालकाला सगळं कळतं. असं खरंच असतं?

उत्तर आमच्या पत्त्यावर नको. शेजारच्या शिवणवालीचा पत्ता खाली देते आहे, तिच्याकडे पाठवा. आमच्याकडे पत्रं फार गहाळ होतात.

आपली भाची

शनिवार, १६ मार्च

मामा,

पाकीट मिळालं. मायना नाही, आशीर्वाद नाही, सही नाही. सरकारी नोटिशीत याहून जास्त माया असते. पण इतक्या वेळा वाचलं की आता तोंडपाठ आहे. लिव्हर म्हणजे एकावर एक रचलेल्या पट्ट्या. प्रत्येकीला एक खाच. सगळ्या खाचा एका रेषेत आल्या की बोल्टावरची खुंटी त्यांत शिरते आणि बोल्ट सरकतो. पट्टी कमी उचलली तरी अडतं, जास्त उचलली तरी अडतं. एका तारेने बोल्टावर हलका जोर ठेवायचा, दुसरीने पट्ट्या चाचपायच्या. जी घट्ट लागेल ती आधी उचलायची. चुकलं तर जोर सोडायचा, सगळ्या खाली पडू द्यायच्या, आणि पहिल्यापासून.

शेवटी एकच ओळ वेगळी होती. ‘चित्रात कुलपाची पाठच काढली आहेस. तोंड कुठे आहे?’

आणि कागदात गुंडाळलेल्या दोन तारा. मी मागितल्या नव्हत्या. चांगल्या लांब दांड्याच्या, टोकाशी वाकवलेल्या, दाराच्या लोखंडी जाळीतून हात बाहेर घालून वळवला तर बरोबर पोचतील अशा. हे तुम्हाला कोणी सांगितलं?

पाठ काढली, कारण मला पाठच दिसते, मामा. तोंड बाहेरच्या बाजूला असतं.

सात महिने झाले. एकदा मी न सांगता शिवणवालीकडे दोन तास बसले, तिथून सुरू झालं. माझ्या काळजीने म्हणे ह्यांचं दुकानात लक्ष लागत नाही. सकाळी दहाला कुलूप, संध्याकाळी साडेसातला उघडणार. भाजी, दूध, साबण, सगळं हेच आणतात. माझा फोन दुरुस्तीला गेला तो गेलाच. मारहाण वगैरे काही नाही, उलट फार गोड बोलतात. त्यामुळे तक्रार तरी काय करायची, हेच मला कळेनासं झालं होतं. शिवणवाली म्हणाली, “चार माणसं आणते, फोडून टाकू. त्यात काय एवढं?” मी तिच्यावरच डाफरले. बिचारी तरीही पत्र घेऊन टपालात टाकते.

चुगलखोराबद्दल तुम्ही लिहिलंत, ‘असतो. क्वचित. पट्ट्या मोजल्याशिवाय सांगता येणार नाही.’ मोजायला तार आत घालावी लागते ना! मी जाळीतून हात घालते आणि तार आत न घालताच काढून घेते. रोज असंच चाललं आहे. मला फार भीती वाटते.

भाची

मंगळवार, २ एप्रिल

मामा,

गेल्या बुधवारी माझ्याकडून चूक झाली. धीर करून तार घातली होती. दोन पट्ट्या उचलल्या गेल्या, बोटाला कळलं. तिसरीला हात घातला आणि जिन्यात कोणीतरी खोकलं. मी दचकले, तार खाडकन वर गेली आणि आत काहीतरी टक्क झालं. मी तार ओढून घेतली. वाटलं, संपलं. चुगलखोर अडकला.

सकाळचे अकरा वाजले होते. साडेसातपर्यंत मी काय केलं माहीत आहे? घासलेली भांडी पुन्हा घासली. त्याच्या सगळ्या शर्टांना इस्त्री केली. तारा पिठाच्या डब्यात खुपसल्या. काय सांगायचं ते आरशासमोर म्हणून पाहिलं, एकही थाप धड जमेना. मग जिन्यात त्याची पावलं वाजली. किल्ली आत गेली. आणि फिरली. रोजच्यासारखी, सरळ.

“अशी काय बघतेस भूत पाहिल्यासारखी?” एवढंच म्हणाला तो.

दुसऱ्या दिवशी मोजल्या. तीनच पट्ट्या आहेत, तिन्ही सारख्या, पातळ पत्र्याच्या. चुगलखोर नाहीच. तो सांगायचा तसं कुलूप शंभर वर्षांचं नाहीच. मोरीत बसून तो नव्या कुलपांना व्हिनेगर आणि मीठ चोळतो, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवतो, आणि पंधरवड्याने ती आजोबांच्या काळातली होतात. हे मी नऊ वर्षं माझ्या डोळ्यांनी बघते आहे. माल साफ करतोय म्हणायचा, मी मान डोलवायची. सात महिने मी घाबरले ते आत नसलेल्या एका पट्टीला.

तुम्ही तर तो आपल्या दुकानात आला त्या पहिल्याच दिवशी त्याच्या कुलपावर नख ओढून दाखवलं होतंत, हा गंज पंधरा दिवसांचा आहे म्हणून. त्यावर मी गिऱ्हाइकांसमोर काय बोलले ते तुम्ही विसरला नसणार. तुम्हाला माझं चांगलं बघवत नाही म्हणाले. तुम्ही कोण मला अडवणारे, आईचे भाऊ आहात, बाप नाही, म्हणाले. या घराची पायरी पुन्हा चढणार नाही, हेही मीच म्हणाले. तुमच्या हातात कानस होती. तुम्ही मान खाली घालून घासत राहिलात.

काल अकरा चाळीसला कुलूप उघडलं.

हातात लोंबत राहिलं नुसतं. मी जाळी सरकवली, जिना उतरले, रस्त्यापर्यंत गेले. घरातल्याच चपला होत्या पायात. थांब्यावर बस आली, कंडक्टरने विचारलं, “कुठे?” तो दोनदा विचारून वैतागला आणि बस गेली. मी परत वर आले, जाळी ओढली, हात बाहेर घातला आणि कडी दाबून कुलूप माझ्या हाताने लावलं. संध्याकाळी त्याला चहा दिला.

मला एकच पत्ता पाठ आहे. तुमचा. कुलपाचं निमित्त करून दोन पत्रांत जे विचारायचं टाळलं ते आता विचारते. मी घरी येऊ का?

सोमवारी तो दोन दिवसांसाठी माल घेऊन बाहेरगावी जातो आहे. पत्र तुम्हाला शनिवारपर्यंत मिळेल. तुमचं उत्तर मला मिळेपर्यंत सोमवार उलटून गेलेला असेल, आणि त्यानंतर मला पुन्हा धीर होईल असं वाटत नाही. म्हणून उत्तराची वाट न पाहता निघते आहे. दुपारची बस, म्हणजे संध्याकाळी सहाच्या सुमारास पोचेन. दार वाजवीन, एकदाच. उघडलं नाहीत तर पायरीवर बसेन. आणि कुलूप लावून बाहेर गेला असाल, तर तारा पिशवीत असल्या तरी त्याला हात लावणार नाही. ते तुम्हीच काढायचं.

भाची म्हणून सही करायला हात वळत नाही.

तुमची मुलगी