झाकणं झाडायचं काम

३ ऑक्टोबर, गुरुवार

पोचले एकदाची. पिकअपला माझा राहायचा ट्रेलर जोडून युटाच्या या लाल कपारींतून सहा तास हाकलं, कंबरेचा पार भुगा झालाय. पण जागा बघितली आणि सगळं विसरले. तिन्ही बाजूंनी लाल कडे, मधे सपाट वाळू, बारा जागा, प्रत्येकीला नळ आणि विजेचा खांब. हंगाम असून शेजारी एक माणूस नाही. बर्टीने सांगितलं होतं त्यापेक्षा कांकणभर सरसच.

बर्टी म्हणजे रॉबर्टा हॅगन. आम्ही दोघींनी ओहायोत एकाच डेपोतून एकवीस वर्षं शाळेच्या बस चालवल्या. माझा नवरा लाइल गेला तेव्हा तीन आठवडे माझ्या स्वयंपाकघरात तीच उभी होती. गेले दोन महिने ती इथली होस्ट होती. भाडं न देता राहायचं आणि बदल्यात कॅम्प सांभाळायचा, असं हे काम. आता तिला मुलीकडे जायचंय, म्हणून तिने ते मला दिलं. फोनवर म्हणाली, व्हेर्ना, तुझ्या हक्काची जागा समज.

सहा वर्षं मी चाकांवर राहतेय. कॅम्प निवडण्यात माझा हात धरणारं कुणी नाही. लोकांनी ऑनलाइन दिलेल्या पाच-पाच चांदण्यांवर मी जात नाही. आधी खाली उतरते, जागा चालून बघते, बूट आपटून जमीन पारखते, कड्यावर पुराची रेघ शोधते, मगच ट्रेलर मागे घेते. माझी धाकटी बहीण नोरीनही ट्रेलरमध्येच राहते, मला विचारल्याशिवाय कुठे मुक्काम करत नाही. आज मात्र बर्टीची घाई. आधी तुझी गाडी लाव, मग मी माझी काढते, म्हणाली. चालून काय बघायचंय, मी दोन महिने राहिलेच की. म्हटलं, बरं. माझा नळ जोडून होतो न होतो तोच ती निघालीसुद्धा. कॉफीलाही थांबली नाही. मिठी मारताना रडत होती. वेडी कुठली.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

मालकाचं नाव मेरिल स्टब्ज. ऐंशीच्या घरातला, फाटकाजवळच्या खोलीत राहतो, बोलायला गोड. त्याने काम समजावलं. कचरा उचलायचा, संडास धुवायचे, आणि मागच्या मोकळ्या वाळूत नऊ झाकणं आहेत ती रोज खराट्याने झाडायची. पांढरी, चौकोनी, हातभर रुंद, जमिनीलगत. त्यांच्यावर वाळू साचता कामा नये. मी विचारलं, सांडपाण्याच्या टाकीची का ही. तर म्हणाला, खाली हवा लागते ना बाई. असेल. पगारी माणसाने फार चौकशा करू नयेत, आणि मी तर पगारीही नाही.

दुपारी मिरची घालून बीन्स शिजवले, मक्याचा पाव भाजला. नोरीनचा मेसेज आला. ॲरिझोनात जीव उकडून निघालाय, तुझ्याकडे येऊ का, जागा कशी आहे. म्हटलं, चार दिवस राहून बघते, मग सांगते. नवरा गेल्यापासून ती फारच माझ्यावर टेकून असते. मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू.

७ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी अंडी तव्यावर एका बाजूला घरंगळली. पाणसळ लावून बघितली, बुडबुडा पार टोकाला. बाहेर येऊन पाहते तर ट्रेलर समतल राहावा म्हणून चाकांखाली घातलेल्या फळ्या गायब. चोर म्हणावा तर इथे येतंय कोण. उकरल्यावर सापडल्या, चार बोटं खाली. परत काढून रचल्या. एवढी मऊ जमीन बर्टीला दोन महिन्यांत कळली नाही, हे काही पटत नाही. पारखायला हवी होती. सहा वर्षांची अक्कल त्या दिवशी कुठे गहाण टाकली होती कोण जाणे.

८ ऑक्टोबर

फळ्या पुन्हा गेल्या. सोबत दाराची पायरीही. जागा बदलावी म्हणून पिकअप जोडून ओढायला गेले, तर चाकं जागच्या जागी फिरली आणि पिकअपही बुडापर्यंत रुतली.

मेरिलकडे गेले. त्याने टोपी काढली, मयताला काढतात तशी. म्हणाला, बर्टीने तुला सांगितलेलं दिसत नाही. काय सांगितलेलं नाही, ते मात्र सांगेना.

९ ऑक्टोबर

पाणी घेऊन पायी निघाले. फाटकाबाहेर पहिला पाय टाकला, तो घोट्यापर्यंत आत. दुसरा गुडघ्यापर्यंत. कशीबशी मागे वळले, तर कॅम्पच्या बाजूची जमीन फरशीसारखी टणक. तीनदा केलं. तिसऱ्यांदा कंबरेपर्यंत गेले. मेरिल खुर्चीत बसून बघत होता. शेवटी त्यानेच दोर टाकला, कॅम्पच्या बाजूने.

मग काय करणार, डोकं ताळ्यावर ठेवायला झाकणं झाडत बसले. भर दुपार, सावली नावाला नाही. चौथ्या झाकणाखालून ठकठक आली. तेव्हा लक्षात आलं, हे झाकण मी ओळखते. माझ्याच छतावर तसलं आहे. ट्रेलरच्या छताला हवेसाठी बसवतात ते.

उचललं. खाली जाळी. जाळीला आतून चार बोटं लागली होती, एकात लग्नाची अंगठी. बाईचा आवाज आला. तिने विचारलं, बाहेर कुठला महिना चालू आहे.

मी झाकण टाकून पळाले. उत्तरही दिलं नाही तिला. देवा, क्षमा कर.

१० ऑक्टोबर

अकराव्यांदा केल्यावर बर्टीने फोन उचलला. निदान खोटं बोलली नाही. म्हणाली, येणारा राहतो, असलेला सुटतो. पोलिसांना बोलाव, गाडी ओढणाऱ्याला बोलाव, कुणालाही. ज्याची चाकं आत येतील त्याला वाळू धरते आणि तुला सोडते. खाली नऊ जण आहेत, त्यांनी कुणालाच बोलावलं नाही.

मी विचारलं, मीच का. म्हणाली, गाडी ओढून न बघता रोज फळ्या उकरत दोन महिने तगले, तेवढ्यात विचार केला. कुणाला नातवंडं होती, कुणाचा नवरा अंथरुणावर. तुझ्यामागे रडणारं कोण आहे, व्हेर्ना.

म्हणजे निवडलं मला. कॅम्प निवडतात तसं, एकेकाला बघून, पारखून. एकवीस वर्षं एका डब्यातलं खाल्लं, आणि तिने केसाने गळा कापला. तोंडावर म्हणाली असती की मरतेय, येतेस का बदल्यात, तर कोण जाणे, आलेही असते. वाळूची भीती वाटते. पण राग त्याहून मोठा आहे, त्याने झोप नाही.

११ ऑक्टोबर

दार उघडत नाही. वाळू खिडकीच्या वर. नळाला पाणी येतंय, दिवा लागतोय.

नोरीनचे चार मेसेज. उत्तर दिलेलं नाही. देणार नाही. मी बर्टी नाही. खाली नऊ, दहावी मी. हे इथे लिहून ठेवते, म्हणजे शब्द फिरवता येणार नाही.

१२ ऑक्टोबर

डोक्यावर पावलं. मग खराट्याचा आवाज. मेरिल माझं झाकण झाडतोय. म्हणाला, धीराची आहेस हो बाई, रोज झाडत जाईन.

पाणी आहे, हवा आहे. म्हणजे मरणही लवकर नाही. त्या बाईने महिना विचारला. तिने वर्ष विचारायला हवं होतं —

शेजारून कुणीतरी भिंत खरवडतंय. खालच्या बाजूने.

१३

फोन वाजला, उचलला गेला. नोरीन. फाटकाशी आहे. उत्तर नाही म्हणून घाबरली, बर्टीने पत्ता दिला. बर्टीनेच —

म्हणते, रस्ता अरुंद, वळवता येत नाही, मागे घेऊनच आत यावं लागेल, आणि तुझा ट्रेलर कुठे दिसत नाही. मागे घ्यायला तिला कधीच जमलं नाही. मी सांगायचे आणि ती स्टिअरिंग फिरवायची. आरसा बघत नाही, माझा आवाज ऐकते.

सांगायचं एकच. पुढे जा. सरळ पुढे, थांबू नकोस. एवढंच —

ती रडतेय. म्हणते, ताई, तू आहेस ना, मग मला भीती नाही.

सांगते. आत्ता सांगते. फोन तोंडाशी धरलाय, दुसऱ्या हाताने हे लिहितेय, म्हणजे —

बोलले. माझाच आवाज. किती शांत. डावीकडे घे. हां. सरळ कर. येऊ दे.

चाकांखाली काहीतरी सैल झालं. खिडकीत उजेड, बोटभर —

येऊ दे, नोरीन. येऊ दे. अजून. अजून जागा आहे. ये